चार खणांच्या डब्यातल्या हार्ड डिस्क मध्येच गायब होतात? फॉरमॅट दाबण्याआधी हे तपासा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हे माझं काम. १०० मेगाबिटवर शूट केलेल्या ४के व्हिडिओचा एक तास म्हणजे ४५ जीबी. दोन कॅमेरे, तीन दिवसांचं लग्न, वर ड्रोन. एका सीझनमध्ये दोन-तीन डिस्क सहज भरतात. त्यामुळे नागपुरातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक एडिटरांकडे चार-पाच हार्ड डिस्क मावणारा यूएसबीचा डबा असतो, आणि आता घरोघरचे फोटो-व्हिडिओही त्यातच जायला लागलेत. या डब्यांची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते: "ताई, डिस्क दिसत होती, कॉपी चालू असतानाच गेली."

आठ वर्षं मी हे दुरुस्त करतेय. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट निघते. दोष विजेत असतो, केबलमध्ये असतो किंवा डब्यातल्या चिपमध्ये. पण माझ्यापर्यंत डबा येईतो कुणी घाबरून डिस्क फॉरमॅट केलेली असते, कुणी सात-आठ हजारांची नवी डिस्क आणलेली असते आणि तीही त्याच डब्यात तशीच गायब होत असते. बाळाच्या पहिल्या वर्षाचे फोटो असे गेलेले मी पाहिलेत. ते टाळता आलं असतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते, फुकटच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या शेवटी.

डबा म्हणजे इथे संगणकाला यूएसबी केबलने जोडायचा, ३.५ इंची डिस्क घालायचा, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला एनक्लोजर. नेटवर्कला जोडायचा एनएएस वेगळा, त्याबद्दल हे नाही.

लक्षणं

ही लक्षणं नीट पाहा, कारण अर्धं निदान इथेच होतं.

सगळ्या डिस्क एकाच क्षणी जातात आणि काही सेकंदांनी एकत्रच परत येतात. हे झालं तर संशय वीज, केबल, पोर्ट आणि डब्याची चिप यांच्यावर. चार डिस्क एकाच सेकंदाला खराब होत नाहीत.

एकच डिस्क जाते, बाकीच्या तशाच राहतात. इथे ती डिस्क किंवा ती जिथे बसलीय तो खण, यापैकी एक.

एक डिस्क अडखळली की सगळा डबा गोठतो. हे फसवं आहे. बऱ्याच चार-पाच खणी डब्यांत यूएसबीची एकच चिप असते आणि तिच्यामागे एक सॅटा लाइन (डिस्क जोडायची वाट) चार-पाच डिस्कमध्ये वाटणारी दुसरी चिप. एका डिस्कने उत्तर द्यायला वेळ लावला की मागच्या सगळ्या रांगेत थांबतात. मग वाटतं डबा गेला, पण आजारी एकच असते.

कॉपीचा वेग ३५-४० एमबीवर येऊन चिकटतो. जोडणी यूएसबी ३ ऐवजी यूएसबी २ वर उतरली आहे. केबल किंवा पोर्ट.

वेग दीडशेवर सुरू होतो, काही दहा जीबी झाल्यावर दहा-वीसवर कोसळतो आणि मग डिस्क जाते. याबद्दल पुढे सातव्या मुद्द्यात, एसएमआरमध्ये.

डबा दहा-वीस मिनिटं नुसता पडून असला की डिस्क जाते, काम चालू असताना जात नाही. बहुतेक वेळा ही झोपेची सेटिंग असते.

विंडोज वापरत असाल तर इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टीम लॉग उघडा आणि डिस्क गेली त्या वेळेच्या नोंदी बघा. १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. १२९ म्हणजे उत्तर न आल्याने जोडणी रीसेट करावी लागली. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. ७ म्हणजे खराब ब्लॉक. एकाच सेकंदाला तीन-चार वेळा १५७ दिसलं की मी डिस्ककडे बघतसुद्धा नाही, सरळ अ‍ॅडॅप्टर हातात घेते. एकाच डिस्कच्या नावावर ७ पुन्हा पुन्हा दिसलं की ती डिस्क बाजूला काढते. लिनक्सवर कर्नलच्या लॉगमध्ये यूएसबी रीसेटच्या ओळी शोधा, अर्थ तोच.

आधी हात आवरा

डिस्क परत येताना विंडोज विचारू शकतं: ही डिस्क वापरायला आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? नाही म्हणा. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर "इनिशियलाइज" विचारलं, तरी नाही. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, चालवायचं नाही. जोडणी मध्येच तुटत असताना चेकडिस्क चालवलं तर ते अर्धवट वाचलेल्या माहितीवर फाइलींची यादी "दुरुस्त" करतं, आणि चांगल्या फाइली तुकड्या-तुकड्यांत विखुरतात. डब्याच्या मागे रेडचे (RAID, अनेक डिस्क मिळून एकच डिस्क म्हणून चालवण्याची पद्धत) छोटे स्विच असतील तर त्यांना हात लावू नका. मोड बदलला की बहुतेक डबे डिस्कची मांडणी नव्याने करतात, म्हणजे डेटा गेला.

डिस्क दिसत असेल आणि दुसरी प्रत कुठेच नसेल, तर सगळं सोडून सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करा. निदान नंतर.

१. पोर्ट

याला खर्च शून्य. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून केबल काढा आणि मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट आतल्या एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. त्या वाढीव लांबीत आणि जोडात सिग्नल कमजोर होतो. पेनड्राइव्हला ते चालून जातं, चार डिस्क एकदम धावत असताना चालत नाही. मध्ये हब किंवा डॉक असेल तर तो काढा.

टाइप-सी असेल तर पिन काढून उलटी करून लावा. सी पोर्टमध्ये दोन्ही दिशांना वेगाच्या तारांची वेगळी जोडी वापरली जाते. एका बाजूच्या पिनांवर मळ असेल तर उलट लावल्यावर वेग परत येतो, आणि दोष कुठे आहे तेही कळतं.

२. केबल

डब्यासोबत आलेली केबल बऱ्याचदा बरी असते. घोळ होतो तो ती लहान पडली म्हणून आणलेल्या दोन-तीन मीटरच्या स्वस्त केबलने किंवा एक्स्टेंशनने. ५ गिगाबिटच्या जोडणीला मी एक मीटरच्या वर जात नाही. १० गिगाबिटचा डबा असेल तर अर्धा-पाऊण मीटर.

केबल दोन्ही टोकांना हलकेच हलवून पाहा. डब्याकडचं टोक हलवल्यावर दिवा लुकलुकला तर सॉकेट सैल झालाय. एक खूण आणखी सांगते. डब्यावर कॉपी सुरू झाली की वायरलेस माऊस अडखळायला लागतो का? यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर कागद काढला होता. केबलचं आवरण कच्चं असेल तर हा त्रास वाढतो. म्हणजे अडखळणारा माऊस हा कधी कधी वाईट केबलचा साक्षीदार असतो. चार-पाचशे रुपयांची चांगली, जाड, आखूड केबल लावून दोन दिवस बघा.

३. वीज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्याकडे आलेल्या डब्यांपैकी सर्वांत जास्त इथे सुधारतात, म्हणून हे जरा खोलात.

३.५ इंची डिस्कला दोन व्होल्टेज लागतात. फिरणाऱ्या मोटरला १२ व्होल्ट, इलेक्ट्रॉनिक्सला ५. डिस्कच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर अर्ध्या अँपिअरच्या आसपास आकडा असतो, तो चालू असतानाचा. थांबलेली डिस्क फिरायला लागते त्या काही सेकंदांत तीच डिस्क १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर आठ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट. आता तुमच्या अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट, ६.५ अँपिअर असेल तर ते ७८ वॅट झाले. तरीही असे डबे नीट चालतात, पण डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय डब्यात असली तरच.

ही सोय आहे का हे कानाने कळतं. रात्री पंखा बंद करून, संगणक बंद ठेवून डबा चालू करा आणि जवळ कान न्या. एक "हूँऽऽ" चढतो, थांबतो, मग दुसरा चढतो, मग तिसरा: डबा डिस्क पाळीपाळीने उठवतोय. सगळे आवाज एकत्रच चढले आणि मध्येच खाली घसरून पुन्हा चढले, तर अ‍ॅडॅप्टर दम सोडतोय.

नवा असताना पुरणारा अ‍ॅडॅप्टर तीन-चार उन्हाळ्यांनंतर पुरत नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. एका स्टुडिओच्या अ‍ॅडॅप्टरला मी मीटर लावला, तेव्हा रिकामा असताना तो १२.१ व्होल्ट दाखवत होता. चारही डिस्क उठताना १०.६ वर आला. दुकानदाराने तो रिकामाच मोजून "चांगला आहे" म्हणून परत पाठवला होता. लोड नसताना मोजलेल्या व्होल्टेजला काहीच अर्थ नाही. १२ व्होल्टला ५ टक्के सूट धरली तर ११.४ च्या खाली जायला नको.

मीटर नसेल तर सोपी परीक्षा आहे. डबा बंद करून दोन डिस्क बाहेर काढा आणि दोनवरच एक दिवस काम करा. त्रास थांबला तर दोष जवळपास नक्की विजेचा. मग दुसऱ्या दोन घालून पाहा. त्याही नीट चालल्या तर शंका उरली नाही. रेड लावलेलं असेल तर ही परीक्षा करू नका.

अ‍ॅडॅप्टर बदलताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्टेज तंतोतंत तेच. अँपिअर तेवढेच किंवा जास्त, जास्त असल्याने काही बिघडत नाही. आणि पिन. गोल पिनेत बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सारखाच, पण आतलं छिद्र २.१ आणि २.५ असं वेगळं असतं. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन जाते, पण सैल बसते, आणि मग डब्याला धक्का लागला की सगळं बंद. चार काड्यांची गोल पिन असेल तर दुसऱ्या कुठल्या यंत्राचा अ‍ॅडॅप्टर लावून पाहू नका. कुठल्या काडीवर काय येतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि उलटं लागलं तर चारही डिस्क जळतात.

आता भिंतीकडे. एका एडिटरचा डबा रोज संध्याकाळी सातच्या सुमारास जायचा. महिनाभर तो डिस्क बदलत होता. मी गेले तेव्हा मे महिना होता, आणि सात वाजता त्याच्या आईने खोलीतला कूलर लावला. दिवा क्षणभर मंद झाला आणि डब्याचे चारही दिवे एकदम गेले. कूलर आणि डबा एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते. बोर्डाच्या पत्त्या सैल, मोटर सुरू होताना ओढ लागली की डब्याचं व्होल्टेज पडायचं. त्याचा लॅपटॉप बॅटरीवर निवांत चालू राहायचा, म्हणून वीज हलतेय हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. डब्याला भिंतीतलं वेगळं सॉकेट दिलं आणि प्रश्न मिटला.

इन्व्हर्टरवरही हेच. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा मागे यूपीएस मोड आणि साधा किंवा इको मोड असा स्विच असतो. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर पकडायला जो वेळ लागतो तो पंख्याला कळत नाही, पण दमलेल्या अ‍ॅडॅप्टरला पुरेसा असतो. स्विच यूपीएसवर करा. त्याने भागलं नाही तर डब्यासाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज जाणं हे फाइल सिस्टीमला सगळ्यात वाईट, त्यामुळे हा खर्च मी कुणालाही बिनधास्त सांगते.

४. झोपेच्या सेटिंग

पडून असताना जाणाऱ्या डिस्कसाठी. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. तिथेच हार्ड डिस्क किती मिनिटांनी बंद करायची ते शून्य म्हणजे "कधीच नाही" करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. मॅकवर "शक्य तेव्हा हार्ड डिस्क झोपवा" ही सेटिंग बंद.

याशिवाय काही डबे स्वतःहून डिस्क झोपवतात. ते संगणकातून बदलता येतंच असं नाही. झोपलेल्या चार डिस्क पाळीपाळीने उठेपर्यंत फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागू शकतो. तो बिघाड नव्हे. डिस्क यादीतून नाहीशी झाली तरच बिघाड.

५. डिस्कची प्रकृती

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. तिच्यातले पाच आकडे बघा, बाकीच्यांनी घाबरू नका.

०५ म्हणजे बदललेले सेक्टर, डिस्कवरचे मजकूर ठेवायचे छोटे कप्पे. सी५, काही ठिकाणी १९७ दिसेल, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट बघणारे सेक्टर. सी६ किंवा १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिघांत शून्याव्यतिरिक्त काही असेल आणि आठवड्यात ते वाढत असेल, तर डिस्क चालली. आकडा बरीच वर्षं तेवढाच असेल तर एवढी घाई नाही, पण तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नका. हा प्रोग्राम मूळ आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतो, सेटिंगमधून दहाच्या करून घ्या. नाहीतर ६४ बघून चौसष्ट समजाल आणि ते असतील शंभर.

सी७ किंवा १९९ हा माझा आवडता आकडा. डिस्क आणि डबा यांच्यामधल्या वाटेवर किती वेळा मजकूर बिघडून पोचला, ते हा मोजतो. हा वाढत असेल आणि वरचे तिन्ही शून्य असतील, तर डिस्कची तबकडी निर्दोष आहे आणि दोष कनेक्टरचा किंवा विजेचा आहे. एकदा चढलेला हा आकडा उतरत नाही, म्हणून आज किती आहे ते कागदावर लिहा आणि आठवड्याने पुन्हा पाहा.

पाचवा सी२, तापमान. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते. मी ४५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करते, पण आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असताना ते नेहमी जमत नाही. ५० च्या वर गेली की मी कॉपी थांबवते. डब्याच्या मागचा पंखा खरंच फिरतोय का ते पाहा, त्याच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढा, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. ती हवा ओली असते, आणि पाण्यातला क्षार कनेक्टरवर बसतो.

डब्यातून स्मार्ट दिसतच नसेल तर डिस्क डेस्कटॉपच्या सॅटा केबलला थेट लावून पाहा.

६. खण बदलून पाहणं

एकच डिस्क जात असेल तर ही परीक्षा निर्णायक. आधी मार्करने प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक लिहा. डबा बंद करा, वीज काढा. जाणारी डिस्क शेजारच्या खणात आणि शेजारची हिच्या खणात. त्रास डिस्कसोबत गेला तर डिस्क दोषी. खणाशीच राहिला तर खणाचा कनेक्टर.

रेड ५ किंवा रेड ० असेल तर क्रम बदलू नका. काही डबे ते समजून घेतात, काही घेत नाहीत. तुमचा कुठला आहे हे शोधायची ही वेळ नाही.

कोकणातून आलेल्या एका डब्याच्या दोन खणांतल्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग होते, खाऱ्या दमट हवेने. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये न सांडेल इतकाच बुडवलेला कापडाचा तुकडा, हलक्या हाताने एकाच दिशेने, मग अर्धा तास वाळू दिलं. तो डबा अजून चालतोय. खोडरबराने घासू नका, मुलामा निघतो आणि चुरा आत राहतो.

नवी डिस्क फिरतच नसेल, आवाजच नसेल, तर आणखी एक कारण असतं. सॅटा ३.३ पासून वीज कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचं काम दिलंय. जुने डबे त्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट देतात, आणि त्यामुळे काही मोठ्या डिस्क सुरूच होत नाहीत. दुसऱ्या डब्यात ती डिस्क चालली तर हेच. पिनेवर कॅप्टॉन नावाची इन्सुलेशनची टेप लावून लोक वेळ मारून नेतात, मी मात्र डबा बदलायला सांगते, कारण उष्णतेने टेप सरकते.

७. एसएमआर

काही डिस्क लिहिताना पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवतात. जागा वाचते, पण जुन्या पट्ट्यावर लिहायचं तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सलग मोठी कॉपी केली की डिस्कची राखीव जागा संपते, वेग कोसळतो, कधी कधी डिस्क इतका वेळ उत्तरच देत नाही की डबा तिला मेली समजून रीसेट करतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' (Red, वरच्या RAID शी संबंध नाही) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये ही पद्धत असल्याचं समोर आलं, आणि नंतर पारंपरिक सीएमआर डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या झाल्या. डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर की एसएमआर ते पाहा. एसएमआर असेल तर ती बॅकअपला वापरा, एका वेळी थोडं थोडं लिहा. रेडमध्ये घालू नका.

८. ड्रायव्हर आणि फर्मवेअर

हे शेवटी, कारण इथे बिघडवणं सोपं आहे. लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायवर डबा लावला असेल आणि लॉगमध्ये यूएएसच्या (यूएसबीवरून डिस्कशी बोलण्याची नवी, वेगवान पद्धत) चुका दिसत असतील, तर त्या चिपसाठी यूएएस बंद करून जुन्या पद्धतीने चालवा. वेग थोडा घटतो, जोडणी टिकते. डब्याचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) फक्त डब्याच्या कंपनीने तुमच्याच मॉडेलसाठी दिलेलं घ्या, डिस्क बाहेर काढून ठेवा, आणि यूपीएसवर करा. "चिप तीच आहे" म्हणून दुसऱ्या डब्याचं फर्मवेअर चढवू नका.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

डिस्कमधून "टक्-टक्-टक्" असा ठरावीक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. आतलं वाचणारं-लिहिणारं डोकं (हेड) तबकडीवर घासत असू शकतं, प्रत्येक सुरुवातीला आणखी थोडा डेटा खरवडला जातो. फ्रीजमध्ये ठेवणं, ठोकणं, झाकण उघडणं यातलं काही करू नका. उघड्या हवेत डिस्क उघडणाऱ्या दुकानात देऊ नका. स्वच्छ हवेची बंदिस्त खोली किंवा कपाट आहे का, ते विचारा.

जळका वास आला, अ‍ॅडॅप्टर हाताला धरवत नाही इतका तापला, तरी थांबा. अ‍ॅडॅप्टर उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली आहे, बॅकअप नाही, आणि दुसरीच्या सी५ मध्ये आकडा आहे: रिबिल्ड सुरू करू नका. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं, आणि आजारी डिस्क त्यातच बसते. सी५ वाढणारी एकटी डिस्क असेल आणि तुम्हाला लिनक्स येत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी तिची नक्कल काढा. येत नसेल तर शिकायला ही डिस्क वापरू नका.

देताना डिस्कसोबत डबाही द्या. रेडची मांडणी डब्याच्या चिपवर अवलंबून असते. काही डबे डिस्कवरचा मजकूर स्वतःच कूटबद्ध करतात, काही सेक्टरचा आकार बदलून दाखवतात. अशी डिस्क दुसरीकडे लावली की चांगली असूनही रिकामी दिसते.

डबाच बदलायचा असेल तर

वरचं सगळं करून एकाच वेळी सगळ्या डिस्क जाणं थांबत नसेल, तर चिप गेली. तिच्यावर पैसे घालू नका. नवा घेताना मी ज्या क्रमाने पाहते तो सांगते.

पहिला अ‍ॅडॅप्टर: चार डिस्कला निदान ७८ वॅट आणि पाळीपाळीने उठवण्याची सोय, किंवा डब्यातच बसवलेला पॉवर सप्लाय. दुसरं, लाईट जाऊन आल्यावर डबा आपोआप चालू होतो का. बटण खटकन दाबून राहणारं असेल तर होतो. स्पर्शाचं असेल तर बऱ्याचदा होत नाही, आणि रात्रीची कॉपी सकाळी अर्धवट सापडते. तिसरं, प्रत्येक डिस्कचं स्मार्ट आणि तिचा स्वतःचा सीरियल क्रमांक संगणकापर्यंत पोचतो का. काही डबे चारही डिस्कना एकच क्रमांक देतात, आणि विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसला त्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत. चौथं, पंखा बाजारात मिळणाऱ्या मापाचा, ८० मिलिमीटरसारखा, बदलता येणारा.

वेगासाठी जादा पैसे देण्याचं कारण बहुतेकांना नाही. एक हार्ड डिस्क दीडशे ते अडीचशे एमबीच्या आसपास धावते, ५ गिगाबिटच्या जोडणीत प्रत्यक्ष चारशेच्या वर मिळतात. चार डिस्कवर एकदम काम करणार असाल तरच १० गिगाबिट घ्या.

हार्डवेअर रेडचा डबा मी घरासाठी सुचवत नाही. तो डबा चार वर्षांनी गेला आणि ते मॉडेल बाजारात नसलं की आतला डेटा त्याच्यासोबत अडकतो. साधा, प्रत्येक डिस्क स्वतंत्र दाखवणारा डबा घ्या, आणि दोन डिस्कवर मूळ, दोनवर तीच नक्कल ठेवा. तिसरी प्रत दुसऱ्या घरी. माझी आईकडे आहे, कपाटात, साड्यांच्या खाली.

डबा आला की परतीची मुदत संपायच्या आत त्याला दमवा. चारही खण भरा, दुसरीकडे प्रत असलेलाच डेटा घाला, दोन दिवस सलग कॉपी लावा. शेवटी सी७ चे चार आकडे आणि तापमान लिहून घ्या. कॉपी संपल्यावर, डिस्क नीट इजेक्ट करून, भिंतीतलं बटण बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि पंखा बंद करून कान लावा. चार आवाज एकामागून एक चढले पाहिजेत.